एका बाईची दोन कार्डं

विमा म्हटला की लोकांना माणूस गेल्यावर घरच्यांना मिळणारे पैसे आठवतात. आमचा विमा जिवंत माणसांचा होता. जिवंत माणसं गाव बदलतात, काम बदलतात, वेळेवर कागद आणत नाहीत आणि आणला तर तो भाकरीच्या फडक्यात गुंडाळून आणतात. "मेलेल्या माणसाचं काम सोपं असतं," असं आमचे मुळेसाहेब म्हणायचे.

ही कचेरी गिरणी कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची. साठ सालाच्या आसपास अकोल्याला ती सुरू झाली आणि मी तिथं हंगामी कारकून म्हणून चिकटलो. मी मूळचा चंदगडकडचा, म्हणजे बेळगावच्या बाजूचा. सातवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. गावचा एक फिटर अकोल्याच्या गिरणीत होता, त्याच्या मागोमाग आलो. फिटरला उन्हाळा सोसला नाही. तो वर्षाच्या आत परत गेला आणि मी राहिलो, कारण मला परत जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. आधी गिरणीत निरोप्या होतो. अक्षर बरं म्हणून कुणीतरी विमा कचेरीत शब्द टाकला. बाकीचे कारकून मॅट्रिक झालेले. हंगामी आणि सातवीवाला असा मी एकटाच. दर महिनाअखेरीला साहेबांनी हाक मारली की वाटायचं, झालं, आता उद्यापासून येऊ नको म्हणणार. त्या भीतीनं मी सगळं तीनदा मोजायचो.

मोजायची तिकिटं. मजुराच्या पगारातून आठवड्याला थोडे पैसे कापायचे, मालकानं त्यात आपले घालायचे आणि त्या रकमेचं तिकीट मजुराच्या कार्डावर चिकटवायचं. सहा महिन्यांच्या मुदतीत कमीत कमी बारा तिकिटं भरली की पुढच्या मुदतीत हक्क सुरू: आजारी पडला तर अर्ध्याच्या जवळपास पगार आणि बाई बाळंत झाली तर बारा आठवडे जवळजवळ पूर्ण पगार, घरी बसून. बाराला एक जरी तिकीट कमी पडलं तरी काही नाही. अकरा तिकिटांच्या माणसाला हे समजावून सांगणं हेही माझंच काम होतं.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. कांडी खात्यातला एक म्हातारा दर वर्षाला येऊन सांगायचा, "बाबू, मी सालभर एक दिस आजारी पडलो नाई. माहे तिकिटाचे पैसे वापस दे." त्याला मी तीन वर्षं समजावलं. चौथ्या वर्षी त्याला खरोखरच ताप आला, पैसे मिळाले, तर म्हणाला, "एवढेच? मंग आजारी पडून फायदा काय?" दुसरा एक जण विम्याच्या दवाखान्यातून लाल औषधाची बाटली न्यायचा आणि घरात सासूपासून बकरीपर्यंत सगळ्यांना द्यायचा. बकरीला गुण आला म्हणून तो आमच्या कचेरीत बुंदी वाटून गेला.

मी राहायचो सरजाबाईच्या अंगणातल्या खोलीत. सरजाबाई गिरणीच्या रिळ खात्यात. तिथं सूत गुंडाळून लड्या करतात आणि त्या खात्यात बहुतेक बायकाच असायच्या. विधवा बाई, आवाज असा की यंत्रं चालू असताना पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा. मी पहिल्यांदा तिला "काय कराल्यासा, मावशी?" असं आमच्याकडच्या बोलीत विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसली आणि सगळ्या आळीला बोलावून मला ते पुन्हा म्हणायला लावलं. खोलीचं भाडं ठरलं होतं, जेवणाचं काही ठरलं नव्हतं. पण संध्याकाळी खोलीच्या उंबऱ्यावर ताट असायचंच: ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी नाहीतर झुणका, आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. मी पैसे पुढं केले तेव्हा म्हणाली, "तुह्या मायले पाठव. माह्या घरी एक भाकर जास्त झाली तं जवारी संपत नाई."

तिच्याजवळ तिची भाची राहायची, काशी. भाऊ अंजनगावकडचा, थोडी जमीन, पोरी चार. म्हणून थोरली आत्याकडं आणि आत्याच्याच खात्यात कामाला. काशीचा विम्याचा पहिला फॉर्म मीच भरला. अंगठ्याशेजारी 'माझ्यासमोर' म्हणून माझी सही. तेव्हा कार्डावर फोटो नसायचा, ओळखीची खूण लिहायची. काशीच्या डाव्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा मोठा डाग होता, तो लिहिला.

पुढच्या वर्षी वैशाखात काशीचं लग्न झालं. नवरा पुंडलिक त्याच गिरणीत, घर मूळ कौंडण्यपूरच्या जवळचं. लग्न सरजाबाईच्या अंगणातच लागलं. मी अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं आणि शेवटच्या पंगतीत बसून बुंदी इतकी खाल्ली की दुसऱ्या दिवशी कचेरीत वाकता येईना. तिन्हीसांजेला पुंडलिकनं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं: रुक्मिणी. कौंडण्यपूर म्हणजे देवी रुक्मिणीचं माहेर, त्यामुळे त्यांच्या बाजूला एका घरात दोन-दोन रुक्मिण्या असतात. सगळ्यांनी साखर खाल्ली. मीही खाल्ली.

महिना-सव्वा महिन्यानं काशी कामावर परत आली. गिरणीच्या हजेरी कारकुनानं मधल्या काळात तिच्या नावापुढं 'लग्न झाले, काम सोडले' असं लिहून रेघ मारली होती. परत आली तेव्हा तिचं नाव वेगळं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं, म्हणून त्यानं नवी कामकरीण लिहिली आणि नव्या फॉर्मासाठी आमच्याकडं धाडली. ती एकटी आली नव्हती. रिळ खात्यातल्या सहा-सात जणी बरोबर, कारण जेवणाची सुट्टी होती आणि त्यांना गंमत पाहायची होती.

मी टाक शाईत बुडवून विचारलं, "नाव?" ती म्हणाली, रुक्मिणी. "नवऱ्याचं नाव?" ती गप्प. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मला ते माहीत होतं, मी लग्नात जेवलो होतो. पण मी म्हटलं, नियम आहे, तोंडानं सांगावं लागतं. असा नियम वगैरे काही नव्हता. बायकांनी तिला कोपरानं ढोसलं आणि ती खाली बघत म्हणाली,

"कापसाचं झालं सूत, सुताची झाली लडी,
पुंडलिकरावाचं नाव घेते, पुरे झाली बाबूची खोडी."

कचेरी हसली. मुळेसाहेबांनीही काचेतून पाहिलं. त्या हशात मी ओळखीच्या खुणेशी आलो. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा चुडा होता, डाग काही दिसला नाही, आणि नव्या नवरीला बांगड्या सरकव म्हणायचा मला संकोच वाटला. मी कपाळावरचं गोंदण लिहिलं. अंगठा घेतला, शेजारी 'माझ्यासमोर' सही केली, नवा नंबर दिला. जुन्या नंबराचं ना मला आठवलं, ना तिला, ना उखाणा ऐकायला आलेल्या एकीला. तीनदा मोजणारा माणूस मी, पण ते काही मोजायचं काम नव्हतं.

पहिलटकरीण म्हणून काशी बाळंतपणाला माहेरी गेली. फाल्गुनात दिवस भरले आणि दोन दिवस मोकळी होईना, तेव्हा बापानं तिला गाडीत घालून अमरावतीला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. पोट कापून मुलगी झाली. दोघी वाचल्या. बिल झालं एकशे साठ रुपये. त्या काळी रिळ खात्यातल्या बाईला दोन महिन्यांतही तेवढे मिळत नसत. बापानं महिन्याची मुदत मागितली ती विम्याच्या भरवशावर, कारण बारा आठवड्यांचे पैसे साधारण तेवढेच व्हायचे. दवाखान्यात बाळंतिणीचं नाव विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, काशी. बापाच्या तोंडी दुसरं कोणतं नाव येणार?

अर्ज माझ्या टेबलावर आला. डॉक्टरचा दाखला काशीचा. अर्ज रुक्मिणीचा. काशीचं कार्ड काढलं तर त्यावर शेरा 'काम सोडले', त्या मुदतीत नऊ तिकिटं. रुक्मिणीच्या कार्डावर त्याच मुदतीत आठ. दोन्ही मिळून सतरा, पण वेगवेगळी बाराच्या आतच. ओळखीच्या खुणाही वेगळ्या. थोडक्यात, आमच्या कागदांप्रमाणे बाळंत झाली काशी आणि पैसे मागत होती रुक्मिणी, आणि दोघींनाही ते मिळत नव्हते.

दोन्ही फॉर्मांवर सही माझी होती. त्याच महिन्यात दुसऱ्या टेबलावरच्या हंगामी कारकुनाला एक कार्ड गहाळ केलं म्हणून घरी बसवलं होतं, आणि तो मॅट्रिक होता. साहेबांसमोर कागद ठेवले तेव्हा मी इतकंच म्हणालो की, नावं जुळत नाहीत. साहेबांनी लिहिलं: नामंजूर. दोन्ही नावं एकाच बाईची असल्यास कोर्टाचं प्रतिज्ञापत्र आणावं.

ते पत्र सरजाबाईला वाचून दाखवायची पाळी माझ्यावरच आली. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी वाचलं, अर्थ सांगितला. तिनं सूप खाली ठेवलं.

"काहून रे बाबू, तू तं पंगतीत होता ना?"

मी म्हटलं, मावशी, कचेरीला कागद लागतो.

"कागद तूच लिवते ना?"

मी पत्राची घडी घातली. तिनं सूप उचललं आणि ज्वारी पाखडायला लागली. मला वाटलं, आज ताट येणार नाही. ताट आलं. रोजच्यासारखी भाकर, वर ठेचा. ती भाकर मी कशी खाल्ली ते मला अजून आठवतं.

पुढं सतरा दिवस मी गप्प राहिलो. ही गोष्ट मी आजवर कुणाला मोजून सांगितली नव्हती. रोज सकाळी ठरवायचो की आज साहेबांना सांगू, आणि रोज आईला धाडायची मनीऑर्डर आठवायची. पुंडलिक एकदा कोर्टात जाऊन आला. वकिलानं प्रतिज्ञापत्राचे पंधरा रुपये सांगितले आणि लग्नाचा पुरावा काय म्हणून विचारलं. पुंडलिक म्हणाला, तांदळात नाव लिहिलं होतं. वकील म्हणाला, ते तांदूळ आण.

अठराव्या दिवशी मी कार्डं आणायला गिरणीत गेलो. रिळ खात्याच्या दारातून जाताना पाहिलं तर रिळासमोर काशी उभी. सव्वा महिना झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर आली होती, कारण डॉक्टरीणबाईंची मुदत संपली होती. पोट कापलेली बाई, एका हातानं कंबर धरून दुसऱ्या हातानं लडी काढत होती. पोर पुंडलिकच्या आईकडं. मला पाहून ती हसली, थट्टेनंच बोलली, त्यात राग नव्हता.

"काय बाबूभाऊ, मी कोन व्हय ते सापडलं का नाई अजून तुमच्या कचेरीले?"

लडी काढताना तिचा डावा हात माझ्यासमोर होता. चुडा उतरला होता, मनगटावर दोनच बांगड्या. मधे तो भाजल्याचा डाग.

मी कार्डं न घेताच परत आलो. चौकशीचे कागद इंग्रजीत लिहायचे असत आणि मला इंग्रजी सह्यांपुरतंच येत होतं, म्हणून मी मराठीत लिहिलं. फार नव्हतं. 'दोन्ही फॉर्मांवरचे अंगठे माझ्यासमोर उमटले आहेत. दोन्ही एकाच बाईचे आहेत. मनगटावरचा डाग बांगड्यांमुळे मी पाहिला नाही व जुना नंबर विचारला नाही. तिच्या लग्नात मी जेवलो आहे. चूक माझी आहे.'

मुळेसाहेब अमरावतीचे, आधी शाळेत मास्तर होते. कागद त्यांनी परीक्षेच्या पेपरासारखा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"हे जेवणाचं कशाला लिहिलंस?"

"पुरावा, साहेब."

त्यांनी ती ओळ खोडायला पेन्सिल उचलली आणि तशीच खाली ठेवली. "राहू दे," म्हणाले. "याहून चांगला पुरावा कोर्टही देणार नाही. कधीपासून माहीत होतं तुला?"

मी सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ते म्हणाले, "चुकीबद्दल मी मेमो दिला असता आणि विसरलो असतो. हे सतरा दिवस मात्र मला लिहावे लागतील." आणि त्यांनी ते लिहिले. माझं कायम होणं वर्षभर पुढं गेलं. पण त्याच बैठकीत त्यांनी अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली की पैसे येणार आहेत, थोडं थांबावं, आणि ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दिवशी मलाच धाडलं.

डॉक्टरीणबाई कडक असतील असं वाटलं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "हे मला आधी कळवलं असतंत तर मी थांबले असते. मी काय त्या मुलीला कामाला जा म्हटलं होतं?"

तेच तर. मी पहिल्याच दिवशी बोललो असतो तर ही चिठ्ठी पहिल्या आठवड्यात गेली असती. आता वरच्या कचेरीतून मंजुरी यायला दीड महिना लागला. नियम असा की, ज्या दिवशी बाई कामावर गेली त्या दिवसापासून बाळंतपणाचा पगार बंद. बारा आठवड्यांऐवजी काशीला सहा आठवड्यांचे पैसे मिळाले. निम्मं बिल फिटलं, निम्मं राहिलं. त्यातही बिल काशीच्या नावावर आणि पैसे रुक्मिणीच्या नावावर, म्हणून पावती कोणत्या नावानं फाडायची यावर दवाखान्याच्या कंपाउंडरनं पाऊण तास घेतला.

राहिलेल्या निम्म्याचे हप्ते ठरले, महिन्याला पाच रुपये. कचेरीच्या कामानं मला महिन्यातून एकदा अमरावतीला जावं लागायचं, तेव्हा हप्ता मी पोचवायचो. पहिल्याच महिन्यात मी माझे दोन रुपये त्यात घातले आणि सातची पावती आणली. सरजाबाईला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत. तिनं दोन रुपये माझ्या हातावर परत ठेवले.

"तुले दंड साहेबानं केला," ती म्हणाली. "आता आमच्याकून बी करून घेतं का?"

सोळा हप्ते झाले. शेवटची पावती मी नेऊन दिली तेव्हा काशीची मुलगी अंगणात पळत होती. काशीला दूध मात्र लवकर आटलं होतं, आणि पुढच्या बाळंतपणापर्यंत ती कंबर धरूनच चालायची. माझ्यासमोर तिनं तो विषय कधी काढला नाही. मला दिसायचं.

मुळेसाहेबांनी एक गोष्ट केली जी कोणत्याही नियमात नव्हती. बाईमाणसाच्या प्रत्येक फॉर्मावर कोपऱ्यात पेन्सिलीनं माहेरचं नाव लिहायचं. छापील रकाना यायला किती वर्षं लागली देव जाणे, आमची पेन्सिल मात्र दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. आणि रिळ खात्यानं आपला वेगळा उपाय काढला. कुणाचंही लग्न ठरलं की पहिली अक्षत मला. "बाबूले बोलवा, नाई तं दोन कार्डं होतीन," असं सरजाबाई साऱ्या खात्यात सांगत फिरायची. पुढच्या पाच-सहा वर्षांत मी अकोल्यात आणि भोवतालच्या गावांत इतक्या लग्नांत जेवलो की विचारू नका. बुंदी ताटात पडली की माझा हात आपोआप खिशातल्या वहीकडं जायचा, नवरीचं जुनं नाव आणि नंबर लिहून घ्यायला. नवऱ्या मुलाकडची माणसं विचारायची, हे कोण? बायका सांगायच्या, लगीनवाला बाबू.

त्यातच तिसऱ्या वर्षी माझं ठरलं. मुलगी तेल्हाऱ्याची, इंदू. आई चंदगडहून तीन गाड्या बदलून आली, वऱ्हाडचं ऊन पाहून घाबरली आणि सरजाबाईच्या अंगणात येऊन दोन तासांत तिच्याबरोबर ज्वारी पाखडायला बसली. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, पण तक्रार दोघींचीही नव्हती. सुनेसाठी आईनं नाव आधीच ठरवलं होतं, लक्ष्मी. तिच्या सासूचं.

संध्याकाळी ताटात तांदूळ पसरून पुढं ठेवले. अंगठी हातात दिली. रिळ खात्यातल्या बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. काशी पुढंच, तिची मुलगी तिच्या कडेवर, आता वजनदार झालेली. मुलीला धरलेल्या हातावरचा डाग मला बसल्या जागेवरून दिसत होता.

मी तांदळात लिहिलं: इंदू.

सासुरवाडीकडचे एकमेकांकडं पाहू लागले. भटजी हळूच म्हणाले, नवं नाव लिहायचं असतं. आईचा चेहरा पडला आणि मला आईचं वाईट वाटलं, पण अंगठी पुढं सरकली नाही. मी काही बोलणार इतक्यात सरजाबाईनं माझ्या आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या, माय," ती म्हणाली. "त्याले एकच कार्ड सांभाळता येते."

काशी सगळ्यांत आधी हसली. मग तिनंच साखरेची वाटी उचलली आणि पहिली चिमूट माझ्या आईच्या तोंडात घातली.